मावशींचं घर डावीकडे

प्रौढांना सायकल शिकवायला सरकारने अनुदान दिलं आणि शिकवायला मला ठेवलं. मुलाखतीत साहेबांनी एकच विचारलं, "पळता येतं का?" मी हो म्हणालो. सायकल येते का, हे त्यांनी विचारलं नाही. मीही विषय काढला नाही.

काम सोपं होतं. मागून कॅरिअर धरायचं, "समोर बघा, खाली नको" म्हणत पळायचं आणि तोल सावरला की न सांगता हात सोडायचा. मग शिकणारा मैदानातून सरळ फाटकाबाहेर. शिकलेल्याला सायकल फुकट, अशी योजना होती, त्यामुळे परत कुणीच यायचं नाही. साधं 'बरंय, येतो' म्हणायलाही नाही. शिंपी गेला, दोघी जावा एकीमागे एक गेल्या, बँकेतले काका तर घंटी वाजवत गेले. मला माणसं पाठीवरून ओळखायची सवय झाली. बाजारात कुणी समोरून आलं की माझा गोंधळ उडायचा.

आता शेडमध्ये एकच सायकल उरली होती आणि शिकणाऱ्यांत एकच मावशी, निवृत्त नर्स. त्या शिकल्या की उद्दिष्ट पूर्ण, अनुदान बंद, शेडला कुलूप. साहेबांनी फोनवर आगाऊ अभिनंदनही केलं होतं. मावशींचा तोल कधीचाच सावरला होता. मी हात सोडत नव्हतो.

"सोड की आता," मावशी म्हणाल्या. "ताप उतरलेल्या पेशंटला मी कधी खाटेवर डांबलं नाही."

"अजून थोडं कच्चं आहे."

"तुझंच काहीतरी कच्चं आहे. बरं, वळायचं कसं ते सांग. माझं घर डावीकडे आहे."

मी पळायचा थांबलो. हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"वळणं योजनेत बसत नाही, मावशी."

"तू कसा वळतोस?"

"मी पायी वळतो."

त्यांनी माझ्याकडे थर्मामीटर बघावा तसं बघितलं. "येत नाही तुला."

"नाही."

मावशी उतरल्या. "बस."

त्यांनी कॅरिअर धरलं. त्यांचा गुडघा दर पावलाला कुरकुरत होता. मागे कुणीतरी आहे, हे इतकं बरं वाटत होतं की मी मुद्दाम हळू चालवत होतो. मग कुरकुर ऐकू येईनाशी झाली.

मी फाटकाबाहेर गेलो. सरळ. मागे बघावंसं वाटत होतं, पण बघता येत नव्हतं. वळता तर मुळीच येत नव्हतं. एवढे दिवस मी समजत होतो, लोकांना मी आवडत नाही.

शेवटी एका भिंतीने मला थांबवलं. सायकल हाताने वळवली आणि चालत परत आलो. योजनेत परत येणारा मी पहिलाच.

मावशी फाटकात गुडघा चोळत उभ्या होत्या. त्यांनी माझं सोललेलं कोपर बघितलं.

"ब्रेक तरी शिकवलास का रे त्या लोकांना?"

मी रस्त्याकडे बघितलं. नजर पोचेपर्यंत रिकामा होता.

"साहेबांना सांग, म्हातारीला अजून वळता येत नाही," मावशी म्हणाल्या आणि पायी डावीकडे गेल्या.