चौथा दिवस

पौर्णिमाचं चित्र अमरावतीच्या प्रदर्शनात लागलंय, ही बातमी तिला सोडून सगळ्या घराला आधी कळली. पुतण्या पिंटूनं चित्राचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली विचारलं, 'ही आपली काकू आहे का?' बार्शीटाकळीपासून धामणगावपर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांनी तो फोटो बोटांनी मोठा करकरून पाहिला. उत्तर मात्र कुणीच लिहिलं नाही. पौर्णिमा तेव्हा अकोल्यात आपल्या घरी सासूच्या पायांना तेल चोळत बसली होती.

हात पुसून तिनं फोन उघडला. चित्रात एक गच्ची होती. काळ्या टाकीला टेकून, उन्हात पाय पसरून एक बाई बसली होती. मांडीवर संत्र्याची सालं, कपाळ मोकळं. बाई हसत होती. डोळे मिटून, तोंड उघडं टाकून, आपल्याला कुणी पाहत नाही याची खात्री असल्यावर माणूस हसतं तशी. चित्राखाली नाव लिहिलं होतं, 'चौथा दिवस'.

कशाचा चौथा, हे त्या घरात कुणाला विचारावं लागणार नव्हतं.

जानेवारीत पौर्णिमाचा नवरा बंडू वारला. अकोल्यात त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. धिप्पाड, बोलघेवडा माणूस. एका सकाळी दात घासता घासता त्याला लकवा मारला आणि उजवं अंग गेलं, वाचा गेली. तोंडातून फक्त एक आवाज निघायचा, 'ए'. तहान लागली तरी 'ए', कूस बदलायची असली तरी 'ए', माशी बसली तरी 'ए'. नऊ वर्षं पौर्णिमानं त्या हाकेला ओ दिली. दुधात भाकर कुस्करून भरवली, हगलं-मुतलं काढलं, पाठीच्या जखमांना पावडर लावली. अंघोळ करताना नळ मधेच बंद करून ती कान द्यायची. मुलगा अंकुर तेव्हा शाळेत होता. पोराचं शिक्षण बुडू नये म्हणून त्याला बार्शीटाकळीला मोठ्या काकाकडे, खुशालरावांकडे ठेवलं आणि पुढं तो कॉलेजसाठी अमरावतीला गेला. घरात उरल्या सासू-सून आणि खाटेवरचा बंडू.

बंडू गेल्यावर घर पाहुण्यांनी भरलं. चौथ्या दिवशी सकाळी अंकुर आणि खुशालराव अस्थी घेऊन कौंडण्यपूरला निघाले. बाया पुढच्या खोलीत बसल्या होत्या. पौर्णिमा ओले कपडे घेऊन गच्चीवर गेली. कपडे वाळत घालून झाले तरी ती खाली उतरली नाही. कुणीतरी आणलेलं एक संत्रं ओटीत होतं, ते सोलायला बसली. पहिली फोड तोंडात घातली आणि सवयीनं तिचा कान जिन्याकडे गेला. दुसरी फोड घातली, तरी कान तिकडेच. मग तिच्या लक्षात आलं की आता हाक येणार नाही. हे संत्रं पूर्ण खाता येईल. आणि तिला हसू आलं. कुठून आलं ते तिलाही कळलं नाही, पण आलं ते पोटातून आलं, आणि बराच वेळ थांबलं नाही.

समोरच्या गच्चीवर दामिनी उभी होती, हे तिला माहीतच नव्हतं. दामिनी चित्रकलेची शिक्षिका, गल्लीतच भाड्यानं राहायची. उन्हाळ्यात ती अमरावतीला गेली आणि तिथं तिनं हे प्रदर्शन लावलं. त्याचं नावच होतं, 'न सांगितलेले आनंद'.

संध्याकाळी अंकुरचा फोन आला.

"आई, ते चित्र पाह्यलं तू?"

"पाह्यलं."

"मी जाऊन आलो तिथं. ती मॅडम म्हणते, बाबा गेले त्याच्या चौथ्या दिवसाचं आहे. खरं आहे का हे?"

पौर्णिमानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "मी येतो उद्या तिकडं," ती म्हणाली. "समोरासमोर बोलू."

फोन ठेवून ती वळली तर सासू, मैनाबाई, हात पुढं करून बसलेली. "काय आहे त्याच्यात? दाखव मले."

दाखवण्यावाचून इलाज नव्हता. मैनाबाईनं फोन चांगल्या डोळ्याच्या अगदी जवळ धरला. बराच वेळ धरला. मग परत देत म्हणाली, "मीबी येतो."

"आत्याबाई, तुमच्यानं बसवेल का एवढा वेळ गाडीत?"

"बसवते."

दुसऱ्या दिवशी दोघी एसटीत शेजारी शेजारी बसून गेल्या. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं. म्हातारी एक अक्षर बोलली नाही. पौर्णिमानं पाण्याची बाटली पुढं केली, ती तिनं घेतली, प्यायली, परत दिली. रागावलेलं माणूस पाणी घेतं का, याचा विचार करत पौर्णिमा खिडकीबाहेर पाहत राहिली.

सभागृहाच्या दाराला झेंडूचं तोरण होतं. आत एक पाहुणे माईकवरून सांगत होते की आपली माणसं दुःख चारचौघांत मांडतात आणि आनंद मात्र चोरासारखा लपवतात, आणि या मुलीनं तो लपलेला आनंद उजेडात आणलाय. लोक टाळ्या वाजवत होते. भिंतीवर एक पोलीस गाडीमागं उभा राहून कुल्फी चोखत होता, एक नर्स मोकळ्या वऱ्हांड्यात लंगडी घालत होती, एक म्हातारा आरशासमोर बायकोची शाल पांघरून पाहत होता. माणसं प्रत्येक चित्रापुढं थांबून गालातल्या गालात हसत होती. खरोखर चांगली चित्रं होती. दुसऱ्या कुणाची असती तर पौर्णिमाही थांबली असती.

सगळ्यात जास्त गर्दी तिच्या चित्रापुढं होती. दोन पोरी त्याच्याजवळ उभ्या राहून तसंच तोंड उघडून फोटो काढत होत्या. "किती मोकळी आहे ना ही बाई," एक म्हणाली. मागं उभ्या असलेल्या पांढुरक्या लुगड्यातल्या पौर्णिमाकडे त्यांचं लक्षही गेलं नाही.

दामिनीनं त्यांना ओळखलं आणि ती लगबगीनं आली. "काकू, तुम्ही आलात! आणि आजीपण." मग दोघींचे चेहरे पाहून तिचा आवाज उतरला.

"तू मले विचारलं नाई," पौर्णिमा म्हणाली.

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं असतं."

"मंग?"

"काकू, त्या दिवशी तुमचा चेहरा इतका... मी तसा कुणाचाच पाहिला नव्हता. मला वाटलं, एवढं चांगलं काही वाया जाऊ नये."

"वाया कायचं जाते? माह्याजवळ होतं ना थे. सांगाचं असतं तं मीच नसतं का सांगितलं कोणाले?"

मैनाबाई एक खुर्ची ओढून चित्रासमोर बसली होती. दारातून अंकुर येताना दिसला, तसं दामिनी घाईघाईनं कुजबुजली, "काकू, मी त्याला सांगते की हसू मी मनानं घातलं. चित्रकार घालतातच. तुम्ही नुसत्या बसला होतात, असं सांगते. नावही आत्ता काढून टाकते. त्याला पटेल."

पटलं असतं. पौर्णिमाला पोरगा ठाऊक होता. त्याला असंच काहीतरी ऐकायचं होतं, म्हणून तर तो दुसऱ्यांदा आला होता. आणि खोटं बोलणं तिला नवं नव्हतं. फोनवर तिनं त्याला किती वर्षं सांगितलं, बाबा मजेत आहेत, जखमा सुकल्या, आज पोटभर जेवले. पोराचा जीव अभ्यासात राहावा म्हणून ती रोज खोटं बोलली होती. आणखी एक खोटं काही जड नव्हतं.

अंकुर समोर येऊन उभा राहिला. बापाचीच हनुवटी, बापाचेच रुंद खांदे. त्यानं दामिनीकडे पाहिलं नाही.

"आई, तू खरंच हसत होती, का हिनं बनवलं?"

दामिनीनं तोंड उघडलं. पौर्णिमानं तिचा हात धरून तिला थांबवलं. नऊ वर्षांत जे जे केलं ते कुणाच्या तरी वाट्याचं होतं. तेवढं एक हसू तिच्या एकटीचं होतं, आणि तेही नाकारलं तर आपलं म्हणून दाखवायला हातात काही राहणार नव्हतं.

"हासली होती," ती म्हणाली.

"काहून?"

"आता हाक येणार नाई, असं ध्यानात आलं. म्हणून."

"म्हणजे बाबा मेले म्हणून."

तसं नाही, असं तिला म्हणायचं होतं. पण चित्रातल्या त्या बाईसमोर उभं राहिल्यावर तिला स्वतःलाच खात्री वाटेना. "मले थे वेगवेगळं करून सांगता येत नाई, बाबू," ती म्हणाली.

अंकुरचा चेहरा आक्रसला. "मी त्या सकाळी त्यांच्या अस्थी मांडीवर घेऊन गाडीत बसलो होतो. मडक्याला धक्का लागू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून. अन् तू इकडं..." तो थांबला. मग हळू आवाजात बोलला. "सुट्टीत घरी आलो की मी त्यांची दाढी करायचो. थे माह्याकडं पाहून रडायचे. तू म्हणायची, खुशीनं रडतात, पोरगा आला म्हणून. खरं होतं का थे?"

"मले माहीत नाई."

"माहीत नाई?"

"मले कधीच समजलं नाई त्यांच्या मनात काय चालू हाय थे. मी अंदाजानं सांगत होती. तुले बरं वाटावं म्हणून."

आता हा ओरडेल असं तिला वाटलं, आणि ओरडला असता तर बरंच झालं असतं. पण त्यानं फक्त मान हलवली, आजीच्या पायाला हात लावला आणि तो चालता झाला. माईकवर कुणाचं तरी आभारप्रदर्शन सुरू झालं होतं.

बसस्टँडवर अकोल्याची गाडी लागायची होती. दोघी बाकावर बसल्या. मैनाबाईनंच तोंड उघडलं, पुढच्या फरशीकडे पाहत.

"बंडू गेला त्या रातीले मी झोपली होती. तुले माहीत हाय?"

"तुमी थकल्या होत्या, आत्याबाई."

"तसं नाई. सगळे रडून राह्यले होते. पोरगं समोर ठेवलेलं. अन् मी भितीले टेकली तं सकाळीच डोळे उघडले. इतक्या वर्सात तशी झोप नवती आली मले. उठली तं आंग हलकं लागलं." म्हातारीनं पदराच्या टोकानं ओठ पुसले. "माय आहो मी त्याची. जल्म देल्ला त्याले."

पौर्णिमानं तिचा हात हातात घेतला. क्षणभर तिला वाटलं, आता आपण दोघी एका बाजूला आहोत. निदान घरात एक तरी माणूस आहे ज्याला आपलं समजतं.

मैनाबाईनं हात काढून घेतला. वैतागून नाही, पण काढून घेतला. "मले खुशालकडं पोचवून दे."

"काहून? माह्यं काही चुकलं का?"

"तुह्यावर राग नाई माहा. तू लय केलं, येवढं कोणी करत नाई. पण तुले पाह्यलं का मले थे झोप आठवते. आतापर्यंत मी ठरवलं होतं का थकली होती, म्हणून लागली. आज थे चित्र पाह्यलं अन् समजलं का तसं नवतं." अकोल्याची गाडी लागली, लोक उठून धावले. "त्या घरात आता मले राह्यता येत नाई," म्हातारी म्हणाली आणि काठी टेकत उठली.

आठवड्याभरात खुशालराव जीप घेऊन आले आणि आईला बार्शीटाकळीला घेऊन गेले. ते पौर्णिमाला वाईट बोलले नाहीत. काहीच बोलले नाहीत. दामिनीनं फोन करून सांगितलं की नावाची पाटी काढली आहे, चित्रही उतरवते, आणि ते काकूंना हवं असेल तर आणून देते. "इकडं आणू नको," पौर्णिमा म्हणाली. "फाडूबी नको. ठेव कुठंतरी." दिवाळीला अंकुर अकोल्याला आला नाही, काकाकडेच गेला. पौर्णिमानं पिंटूच्या हाती चिवड्याचा डबा पाठवला. डबा घासूनपुसून परत आला. कुणी खाल्ला ते पिंटूला सांगता आलं नाही.

वर्षश्राद्धाला मात्र सगळे आले. बंडूचं घर ते, दुसरीकडे करणं कुणाला बरं दिसलं नाही. अंकुर पाटावर बसला आणि भटजी सांगतील तसं करत गेला. आईशी तो बोलला तेवढंच, तांब्या दे, दर्भ कुठं आहे, पान वाढ. मैनाबाई आपल्या जुन्या कोपऱ्यात बसली. जेवताना तिनं वरण पुन्हा मागून घेतलं, पौर्णिमानं वाढलं. ती वाढत असताना म्हातारीनं मान वर केली नाही.

ऊन उतरायला लागलं तशी जीप दाराशी आली. अंकुरनं आजीला धरून मागं बसवलं, काठी पायाशी ठेवली. मग तो पुन्हा दारापर्यंत आला. काही विसरलं असेल असं वाटून पौर्णिमा आत पाहायला वळली.

"तू जेवली का?" त्यानं विचारलं.

"जेवतो मंग."

तो उभा राहिला. खुशालरावांनी हॉर्न वाजवला. अंकुर जीपमध्ये जाऊन बसला आणि त्यानं काच वर केली. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळून दिसेनाशी झाल्यावर पौर्णिमानं दारातल्या पत्रावळी गोळा केल्या आणि ती आत खरकटी भांडी घासायला बसली.