पापणीच्या केसाची काडी

धाकटीचा लेख छापून आल्याचं कळलं, तशी ताई हातमोजे न काढताच संगणकापाशी धावली. धावणारच की! सहा वर्षं झाली, त्या सूक्ष्मदर्शक केंद्रात ती कंत्राटावर राबत होती. बाहेरून येणाऱ्या संशोधकांच्या नमुन्यांचे पातळ काप काढायचे, हे तिचं काम. यंदा प्रमुखांनी सांगून टाकलं होतं, "एका तरी लेखावर लेखक म्हणून नाव दाखवा, कायम करतो. नाहीतर वर्षअखेरीला ही जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल."

धाकटी काही सख्खी बहीण नव्हे. बियांच्या टरफलांवर काम करणारी संशोधक. आली तीच 'ताई, ताई' करत, म्हणून हिने तिला धाकटी करून टाकलं. तिच्या बिया भलत्याच कडक, पातं लागलं की भुगा. आठ महिने ताई हात धुऊन त्यांच्या मागे लागली. शेवटी युक्तीही तिलाच सुचली: बिया राळेत एक दिवस नाही, पाच दिवस मुरू द्यायच्या. मग काप निघायला लागले. ते पाण्यावर तरंगतात आणि पापणीचा केस चिकटवलेल्या काडीने हळूच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या इवल्या जाळीवर सरकवावे लागतात. धाकटीच्या पापण्या आखूड, म्हणून ताईने स्वतःच्या पापणीचा केस उपटून तिला काडी करून दिली. "तुझं नाव माझ्या नावाला लागूनच येणार बघ," धाकटी तेव्हा म्हणाली होती.

लेखावर चार नावं होती, त्यात ताई कुठेच नव्हती. पाच दिवसांची युक्ती 'आम्ही शोधली' म्हणे. शेवटी आभारात केंद्र होतं, यंत्राचा क्रमांकसुद्धा होता. यंत्राला धन्यवाद, आणि माणूस गेलं उडत! केसाने गळा कापणं म्हणतात ते याला.

तिने फोन लावला.

"अगं ताई, नावं माझ्या मार्गदर्शक सरांनी ठरवली," धाकटी म्हणाली. "ते म्हणतात, काप काढणं ही सेवा झाली, संशोधन नाही."

"युक्ती कुणाची, ते सांगितलंस का त्यांना?"

"पुढच्या लेखात नक्की घालते," धाकटी म्हणाली आणि फोन ठेवला.

ताई तडक प्रमुखांकडे गेली. माणूस वाईट नव्हता. "काम तुमचं होतं असा पुरावा द्या, मी संपादकांना पत्र लिहितो," ते म्हणाले. ताईच्या जिवात जीव आला. पुरावा तर केंद्रातच होता. रोजची नोंदवही! तिने ती आणून त्यांच्यापुढे उघडली.

'काप कोणी काढले' या रकान्यात आठ महिने एकच शब्द होता: स्वतः. स्वतः. स्वतः.

तेव्हा कुठे तिला आठवलं. आपले काप आपण काढणाऱ्यांना यंत्रावर आठवड्याला दोन पाळ्या मिळत, बाकीच्यांना महिन्याला एक. धाकटीचं काम अडू नये म्हणून ही शक्कल ताईनेच लढवली होती. धाकटी कायम घाईत, त्यामुळे तिच्या वतीने रकानाही ताईच भरायची.

"या पानांचे फोटो त्या बियांवाल्या बाईंनी मला गेल्या आठवड्यातच पाठवलेत," प्रमुख चष्मा काढत म्हणाले. "लेख आला की तुम्ही तक्रार घेऊन याल, असंही कळवलं होतं."

लेख तर आज छापून आला होता.

"अक्षर त्यांचंच ना हे?" त्यांनी विचारलं.

"नाही," ताई म्हणाली. "माझं आहे."