सीटा काढून ठेवलेली मोटार

मी एक जुनी, दोनच माणसांची, बुटकी मोटार आहे. वेगाने धावावे एवढ्यासाठीच मला घडवले होते. माझा जन्म परदेशातला. पण माझे खरे आयुष्य गेले ते राहुरी तालुक्यातल्या देवळाली प्रवऱ्यात, उसाच्या मळ्यात. मित्रांनो, मोटारीच्या गोष्टीत तुम्हाला शर्यती हव्या असतील. माझ्या गोष्टीत शर्यत एकच आहे, आणि त्या दिवशी मी जागची हललेसुद्धा नाही.

नगरच्या छावणीतल्या एका लष्करी साहेबांची बदली झाली, तेव्हा काकासाहेबांनी मला विकत घेतले. ते तेव्हा पंचविशीचे होते, लग्न व्हायचे होते. विहिरीवरची ऑइल इंजिने दुरुस्त करून त्यांचा हात चांगला बसलेला. घरी थोरले भाऊ सूर्यभानदादा आणि वहिनी रंगूबाई. आई लवकर गेली, म्हणून काकासाहेबांना रंगूबाईंनीच लहानाचे मोठे केले होते. मी अंगणात आले तेव्हा त्यांनीच माझ्या कपाळावर कुंकू लावले आणि हसून म्हणाल्या, "भावजी, हिच्यात बसायचं का निजायचं?"

माझे इंजिन ठणठणीत होते, पण आतून मी पार फाटले होते. सीटांच्या स्प्रिंगा टोचत, पायाखालचा पत्रा गंजला होता. काकासाहेबांनी ठरवले की कारागिराकडे न जाता सगळे स्वतःच करायचे. प्रथम त्यांनी स्टिअरिंगला सुतळीसारखी बारीक दोरी गुंडाळली, मग खाली काथ्याची चटई बसवली. येणारे-जाणारे वाकून पाहत, वाहवा करत. मला फार सुख वाटे. कौतुकाची चटक त्यांना लागली आणि, खरे सांगते, मलाही लागली.

एकाहत्तर सालच्या पौषात मळ्यात गुऱ्हाळ सुरू झाले. तेव्हाच नगरहून लाल रेक्झिनचा गठ्ठा आला आणि सागवानी फळीही आली. घड्याळे आणि बटणे बसतात ती पुढची पत्र्याची पट्टी काढून तिथे चकचकीत लाकूड लावायचे होते. सूर्यभानदादा म्हणाले, "आरं, गुऱ्हाळ चालू हाय. आता गाडी खोलू नको. हंगाम उरकू दे, मग काय ती मांडामांड कर."

"दोन दिसाचं तर काम हाय, दादा," काकासाहेब म्हणाले आणि त्यांनी माझ्या दोन्ही सीटा उचकटल्या. पुढची पट्टी उतरवली. वायरी मोकळ्या लोंबू लागल्या. दोन दिवसांचे पंधरा दिवस झाले.

त्या सकाळी चरकात ऊस घालायची पाळी काकासाहेबांची होती. पण फळीला वार्निश लावणे अर्धवट राहिले होते. रंगूबाई रसाची घागर घेऊन चालल्या होत्या. काकासाहेबांनी त्यांना हाक मारली, "वैनी, जरा माझ्या जागी हुबं ऱ्हाता का? आता सोडलं तर फळीवर डाग पडत्याल."

"लई नाद हाय बाबा तुमचा," असे म्हणत रंगूबाईंनी घागर खाली ठेवली.

थोड्या वेळाने किंकाळी ऐकू आली. पदर चरकात ओढला गेला होता, आणि पदर सोडवायला गेलेला उजवा हातही.

काकासाहेबांनी धावत जाऊन चरकाचे इंजिन बंद केले. हात निघाला तेव्हा त्याच्याकडे पाहवत नव्हते. सूर्यभानदादांनी धोतर फाडून हात गच्च बांधला आणि ओरडले, "गाडी काढ! नगरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं!"

काकासाहेब माझ्याकडे धावत आले आणि दाराशीच थबकले. बसायला जागा नव्हती. "पत्र्यावर निजवू," असे पुटपुटत त्यांनी वायरी जोडायला घेतल्या. वार्निशने माखलेल्या बोटांतून वायरी निसटत होत्या. लाल वायर कुठे जोडायची, काळी कुठे, त्यांना काही उमगेना. मी मनातून धडपडत होते, पण ठिणगीच मिळत नव्हती. शेवटी दादांनी बैलगाडी जुंपली. हमरस्त्यापर्यंत बैलगाडी, तिथे मालट्रकची वाट, मग नगर. उन्हे कलली तेव्हा कुठे दवाखाना आला.

हात मनगटापासून काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, लवकर आणले असते तर निदान अंगठा आणि एखादे बोट वाचले असते.

त्यानंतर काकासाहेब माझ्याकडे फिरकेनात. छपरात मी तशीच उघडी पडले. माझ्यात चिमण्यांनी घरटे केले, उंदरांनी रेक्झिन कुरतडले. मला त्याचे काही वाटले नाही. मी सजत होते म्हणून एका बाईचा हात गेला. मला कोणी पुसावे तरी कशाला? घरात रंगूबाई डाव्या हाताने भाकरी थापायला बसत, भाकरी मोडे, आणि काकासाहेब भरल्या ताटावरून उठत.

उन्हाळ्यात एक दिवस रंगूबाई स्वतः छपरात आल्या. काकासाहेब बाहेर विळ्याला धार लावत होते.

"भावजी, ही गाडी अशी किती दिस ठेवणार? माझ्या हाताचं सुतक पाळताय का?"

"वैनी, हिला हात लावायची हिंमत व्हत न्हाई."

"हात न्हाई तो माझा. तुमचे दोनी हायेत. बसवा त्या सीटा."

काकासाहेब त्यांच्या पायाशी बसले. "मला माफ करा, वैनी."

रंगूबाई म्हणाल्या, "माफ केलं म्हणले तर खोटं व्हईल. भाकरी मोडली की राग येतो, तो तुमचाच येतो. पण त्या रागापायी गाडी कुजवून काय करू? उद्या आनखी कुनाला न्यायची येळ आली तर?"

दुसऱ्या दिवशी काकासाहेब कामाला लागले. सागवानी फळी त्यांनी परत लावली नाही; जुनी पत्र्याचीच पट्टी बसवली. शेजारच्या सीटची पाठ मागे पूर्ण पडेल अशी केली, म्हणजे आजारी माणूस आडवा होईल. रेक्झिन त्यांनी दाभणाने शिवले. टाके वेडेवाकडे पडले. रंगूबाई कोपराने कापड दाबून धरत आणि सांगत, "ताणू नका, सुरकुती पडंल."

पुढच्या वर्षी दुष्काळ पडला. खडी फोडायच्या कामावर छबूबाई नावाची दिवस भरलेली बाई होती, तिला भर उन्हात कळा सुरू झाल्या. मी तिला वेळेवर राहुरीला नेले. मुलगी झाली, दोघी सुखरूप. लोक म्हणाले, "लक्ष्मी हाय ही गाडी! काकासाहेब, तुमी पुन्य केलं." काकासाहेबांनी मान खाली घातली आणि उगाच माझी काच पुसत राहिले.

मित्रांनो, वस्तू सजवा, जरूर सजवा. तिच्यात जीव ओता. पण ती उघडण्याआधी घरात कोणते काम चालू आहे ते बघा, आणि आपल्या जागी कोणाला उभे करून आपण आपला छंद पुरवतो आहोत, तेही बघा. फाटलेली सीट शिवता येते.

आता रोज सकाळी काकासाहेब छपरात येतात, मला एकदा सुरू करतात, थोडा वेळ कान देऊन ऐकतात आणि बंद करतात. तेवढ्यात आतून हाक येते, "झाली का वो चालू?"

"झाली, वैनी," ते म्हणतात, आणि मगच चहा प्यायला आत जातात.