घोरणं थांबल्यावर

नरेश घोरायचा तो पळसदरीच्या धरणापलीकडं ऐकू जाईल असा. विठाबाईला लेकाच्या घोरण्याचा कधी त्रास झाला नाही. तिला धास्ती होती घोरणं थांबण्याची. थांबलं की श्वास अडकला. साजगावच्या कारखान्यातली रातपाळी करून तो दिवसा पडवीत झोपला, की ती शेजारी वाल सोलत बसायची, हाताशी काठी घेऊन. आवाज बंद झाला की बरगडीत टोचा. असा तिनं पोरगा जगवला होता, आणि गावाला तसं ऐकवायचीही.

मग डॉक्टरांनी नरेशच्या छातीत कातडीखाली एक यंत्र बसवलं. झोपताना रिमोटचं बटण दाबायचं. यंत्र जिभेच्या शिरेला विजेचा बारीक झटका देतं, जीभ पुढं सरते, घसा मोकळा राहतो.

"रिमोट? टीव्ही हाय का माझा ल्योक?" विठाबाई फणकारली.

महिने गेले, तरी नरेशचे डोळे तांबडेच. तो क्रेन चालवायचा. पुन्हा डुलकी लागली तर घरी बस, असं साहेबानं बजावलेलं. डॉक्टर म्हणत, यंत्र ठीक आहे. विठाबाईला काही उमजेना. यंत्र आल्यापासून पोरगा घोरतच नव्हता, म्हणजे सारखाच अडकत होता! तिच्या काठीला तर आता उसंत नव्हती.

एका दुपारी सून मेघा कर्जतच्या कामावरून लवकर परतली. बघते तर सासू टोचतेय.

"आई! काय करताय?"

"तुझं कुकू राखतेय."

"अवो, आता आवाज नाय म्हंजे श्वास नीट चाललाय. तुमीच त्यांना झोपू देत नाय!"

"मला शिकवू नको गं. मानूस गप पडला की गेला, येवढं मला बी कळतं."

मेघानं तिचा हात धरून नरेशच्या नाकापुढं नेला. बोटांना ऊन ऊन वारा लागला. परत लागला. लागतच राहिला.

विठाबाईला धड आनंदही होईना. जिला आपण जन्मभर भ्यालो, ती शांतता चांगली कशी झाली? मग इतके दिवस आपण लेकाला जगवत होतो, की... पुढचं तिला मनातही म्हणवेना.

ती पुन्हा वाल सोलायला बसली. पडवीत चिडीचूप. हात आपसूक काठीकडं गेला. मागं आला. परत गेला.

"मेघा," ती दबक्या आवाजात खेकसली, "ही काठी ने आन् लपव. कुठं ते मला सांगू नको."