आपल्या माणसाच्या हातचं मीठ

"नवऱ्याला भाकर वाढावी, पूनम, बोल वाढू नयेत. भाकर पोटात राहती, बोल गावभर फिरत्यात." लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात म्हाळसाआत्या, तिच्या सासूबाई, असं म्हणाल्या होत्या. पूनम शिरूरच्या कॉलेजात बी.ए. झालेली. तिनं ते हसण्यावारी नेलं.

तिचा नवरा संपत पाटसकडच्या साखर कारखान्यात टाइम ऑफिसला होता. हंगामात तिकडंच खोली घेऊन राहायचा, सुट्टीला शिरूरला यायचा. तो जेवायला बसला की पूनम त्याला वाचनालयातल्या कादंबऱ्यांमधली वाक्यं सांगायची. प्रेमाची, थट्टेची, माणसं कशी असतात त्याची. एकदा आमटी खारट झाली. तो तोंड उघडायच्या आत तिनं ठोकून दिलं, "आपल्या माणसाच्या हातचं मीठ कधी जास्त होत नाही. कादंबरीतलं आहे." कुठल्याही कादंबरीत नव्हतं ते. तिचंच होतं. पण बायकोचं म्हटल्यावर त्यानं वर पाणी पिऊन विषय संपवला असता.

संक्रांतीला शेजारच्या रतनबाईंकडं हळदीकुंकू होतं. त्यांची लेक सविता माहेरी आली होती. तिचा नवरा त्याच कारखान्यात, राहायला तिथल्याच वसाहतीत. उसळीत मीठ जरा जास्त पडलं, तशी ती लाडात म्हणाली, "असू दे की आई. आपल्या माणसाच्या हातचं मीठ कधी जास्त होत नाही."

बायका हसल्या. पूनमच्या हातातली वाटी तशीच राहिली. हे वाक्य तिनं एकाच माणसाच्या कानात घातलं होतं. कुठं ऐकलंस म्हणून विचारलं, तर सविता बट मागं सारत म्हणाली, "आमच्याकडं म्हणत्यात."

आमच्याकडं!

दुसऱ्या दिवशी आपल्या तान्ह्या बाळाला डोस द्यायचाय असं आत्याबाईंना सांगून तिनं दौंडची एसटी धरली. दौंडला गाडी बदलली. वाटभर तिला सविताच दिसत होती, संपतच्या ताटात आमटी वाढताना. आमटीत मीठ अगदी बेताचं.

कारखान्याच्या फाटकाशी काळा फळा होता. वर 'आजचा सुविचार', खाली संपतच्या वळणदार अक्षरात तिनंच मागल्या सुट्टीला सांगितलेलं एक वाक्य. आत जाणारा-येणारा जो तो वाचत होता. पण तिथवर आलेला राग काही परत फिरेना. बाळाला बघून संपत धावत आला, तर तिनं वॉचमनसमोरच विचारलं, "सविता कोण लागते तुमची?"

"कोण सविता?" तो खरंच गोंधळला. उसाच्या गाडीवानांनी बैल थांबवले. पूनम रडली, बाळ रडलं. संपतनं फळ्याकडं बोट दाखवलं, बाळाला कडेवर घेतलं आणि तिला परतीच्या गाडीत बसवून दिलं.

पुढच्या आठवड्यात रतनबाई हसत बातमी घेऊन आल्या. सविताच्या तिकडं फळ्यावर नवं वाक्य लागलं होतं: रुसलेल्या माणसाला समजूत नको असते, प्रेक्षक हवे असतात. अख्खी वसाहत म्हणे तेच घोळवत होती.

हे पूनमनं सांगितलेलं नव्हतं.

संपत सुट्टीला आल्यावर तिनं जेवतानाच विचारलं, कुणी सांगितलं म्हणून. "माझंच हाय ते," तो ताटातून मान वर न करता म्हणाला. म्हाळसाआत्यांनी न विचारताच त्याला आणखी एक भाकरी वाढली.

माझंच! शाळेत निबंधसुद्धा शेजारच्याचा उतरवायचा, हे त्यानंच तिला सांगितलेलं. पूनमचा अजून विश्वास बसत नाही, आणि बाळाला घेऊन परत तिथं जायची सोय उरलेली नाही.

तेव्हा तुम्ही कधी तिकडून जाणार असाल, तर सकाळच्या भोंग्याला जरा फाटकाशी थांबा. संपत हातात खडू घेऊन उभा असेल. त्याच्या शेजारी कोण असतं, तेवढं बघून या.