खालच्या वस्तीचा हापसा

“खालच्या वस्तीतला हापसा यादीतून काढलाय,” साहेब कागदावरची नजर न उचलता म्हणाले. “यापुढे नमुने वरच्या वस्तीतले घ्यायचे.”

“पण साहेब, कारखान्याचं पाणी मुरतं ते खालीच.”

“म्हणूनच.”

पाण्याच्या सरकारी प्रयोगशाळेत तपासनिसाची सत्तावीस वर्षं गेली होती. कारखाना मंत्र्यांच्या मेव्हण्याचा, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. आधीच्या साहेबांनी कारखान्याला नोटीस काढली आणि आठ दिवसांत त्यांचीच बदली झाली.

“मला तरी हौस आहे का?” साहेबांचा आवाज उतरला. “वरून फोन येतात. तुमची दोन वर्षं राहिलीत. सुखानं निवृत्त व्हा.”

वरच्या वस्तीतलं पाणी चांगलंच निघालं. ‘वस्तीतील पाणी पिण्यास योग्य’ असा अहवाल टाइप होऊन आला. वस्ती कुठली, ते त्यात नव्हतं. खोटा आकडा एकही नाही, असं घोकत त्याने सही केली. खालच्या वस्तीत त्याची धाकटी बहीण राहायची. पण तिथे नगरपालिकेचा टँकर रोज जात होता. हापशाचं पाणी पीत होतं कोण?

नवव्या दिवशी बहिणीचा फोन आला.

“दादा, टँकर बंद झाला रे. पाणी सुधारलंय म्हणतात. कागदावर तुझी सही आहे म्हणे.”

टँकर सुरू झाला होता तो त्याच्याच जुन्या अहवालांमुळे. हे त्याला आधी सुचायला हवं होतं.

त्याच दुपारी त्याने हापशाचं पाणी आणून यंत्राला लावलं. क्रोमियम मर्यादेच्या अकरा पट. सकाळी कागद साहेबांपुढे ठेवला.

“हा नमुना कुणी मागवला होता?”

“कुणीच नाही.”

“मग तो नाहीच.”

तिसऱ्या दिवशी यंत्र ‘दुरुस्तीसाठी’ खोक्यात भरून मुख्यालयात गेलं आणि त्याची खुर्ची जुन्या फायलींच्या खोलीत. तो कागद घेऊन स्वतःच नगरपालिकेत गेला. तिथल्या कारकुनाने कागद उलटसुलट करून पाहिला.

“जावक क्रमांक नाही, शिक्का नाही. शिक्क्याचा कागद आहे आमच्याकडे. त्यावर सही तुमचीच ना?”

“माझीच.”

“मग तुमचं कुठलं खरं धरायचं, ते तरी सांगा.”

तो बहिणीच्या दारात पोचला तेव्हा ती हंडे घेऊन निघालीच होती.

“हे पाणी पिऊ नका. उकळूनही उपयोग नाही,” तो म्हणाला. “सुनेला तर थेंब देऊ नकोस.” सुनेला सहावा महिना होता.

बहीण रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

“मग काय पिऊ, दादा? वरच्या वस्तीतल्यांनी दोन दिवस भरू दिलं. काल त्यांनी हापशाला कुलूप घातलं.”

“सुनेला माझ्याकडे पाठव.”

“पाठवते की. आणि गल्लीतल्या बाकीच्या सुना?”

तिने एक हंडा कमरेवर घेतला. दुसरा त्याने उचलला.

हापशावर रांग होती. बायका त्याला ओळखत होत्या. त्यांनी बाजूला सरून वाट दिली. बहिणीची पाळी आली. तिचा खांदा आखडलेला होता, म्हणून त्याने बाह्या दुमडल्या आणि दांडा हाती घेतला. नितळ, गार पाणी धो धो येऊ लागलं. एक हंडा भरला, मग दुसरा.

मागच्या म्हातारीने आपली कळशी पुढे सरकवली. तो हापसत राहिला.