तोंड कुठं करायचं

गाडी थांबताच नवगावकर काकूंनी सीटबेल्ट सोडला, पदर डोक्यावर घेतला आणि दार उघडून एक पाय खाली ठेवला. तो तसाच राहिला. समोर हिरवा घुमट होता, त्यावर चंद्रकोर.

“शंतनू, ही कुणाची मशीद रे?”

“तुम्हीच म्हणालात ना काकू, मशिदीत सोड म्हणून?”

म्हणाल्या होत्या खऱ्या. कोकणात मुरलेले ज्यू, म्हणजे काकूंचे बेने इस्रायल लोक, आपल्या प्रार्थनाघराला पिढ्यान्‌पिढ्या मशीदच म्हणत आले. पण हे पुण्याच्या शंतनूला कोण सांगणार? अमेरिकेत, डॅलसजवळच्या अर्विंगला शेजारी राहून त्यानं काकूंच्या हातचं बोंबलाचं कालवण चाटूनपुसून खाल्लं होतं, पण धर्म विचारणं बरं दिसत नाही म्हणून गडी गप्प. त्यानं फोनवर जवळची मशीद लावली आणि मोकळा झाला.

काकूंच्या नवऱ्याला, एलीझरना, जाऊन आज वर्ष होत होतं. त्यांच्यासाठी कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायची होती, आणि ती म्हणायला दहा पुरुष लागतात. लेक ऑफिसच्या कामानं दुसऱ्या गावी. डॅलसच्या पार पलीकडच्या प्रार्थनाघरातल्यांना काकूंनी तीनतीनदा फोन केले, तेव्हा कुठं दहाजण कबूल झाले होते. शंतनूनं रस्ता पाहिला. हायवे तुंबलेला. पोचेपर्यंत सगळे उठून गेले असते.

“सॉरी काकू. मी साधं विचारायला पाहिजे होतं यार.”

“तुझं काय चुकलं? जीभ माझीच,” काकू म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून रडल्या. नवऱ्याची इतकी आठवण त्यांना वर्षभरात आली नव्हती.

एलीझर अलिबागला मुलांना जेरुसलेमच्या जुन्या मंदिराचा नकाशा शिकवायचे. फळ्यावर चौकटीत चौकट. बाहेर सगळ्यांचं अंगण, मग बायकांचं, मग पुरुषांचं, मग याजकांचं. पुढं दालन, पडदा, आणि पडद्यामागे गाभारा. काकू उंबऱ्याशी भाजी निवडत ऐकायच्या आणि दर वेळी बायकांच्या अंगणाशी अडायच्या. त्यापुढं जायला बंदी, मग बाईचं मागणं आत पोचायचं कसं? एकदा चिडून विचारलंच.

एलीझरनी हाताचा खडू झटकला. “अगं, शेवटी शेवटी त्या गाभाऱ्यात काहीच नव्हतं. रिकामी खोली. देव काय भिंतींत मावतो? घर बांधलं ते आपण तोंड कुठं करायचं हे कळावं म्हणून. कुठंही उभी राहा, तिकडे तोंड कर. पोचलीस.”

तेव्हा त्यांना वाटलं होतं, बरं आहे, बायकांच्या तोंडाला पानं पुसायला. आता वर्षभर त्या एलीझरच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून बसायच्या, तिच्याशी बोलायच्या, भाजीत मीठ जास्त झालं तर तिलाच सांगायच्या. रिकाम्या जागेत किती माणूस असतं ते त्यांना उशिरा कळलं.

त्यांनी डोळे पुसले. जेरुसलेम कुठल्या बाजूला, असं शंतनूला विचारलं. त्यानं फोन फिरवून फिरवून ईशान्य दाखवली. मशिदीचंही तोंड जवळजवळ तिकडेच होतं. काकू पार्किंगच्या कडेला गवतावर जाऊन उभ्या राहिल्या.

“पण दहा माणसं लागतात ना, काकू?”

“लागतात. असं केलेलं धरत नाहीत, मला माहीत आहे. मी थांबले की तू आमेन म्हण.”

आयुष्यभर त्यांनी कद्दीश मागे बायकांत बसून ऐकली होती. म्हणायचे ते पुढचे पुरुष. आज पुढं कुणी नव्हतं, नुसतं गवत आणि मावळतीचा उजेड. पहिले शब्द निघाले, बारीक, अलिबागच्या चालीवर.

त्या थांबल्या. शंतनू म्हणाला, “आमेन.”

आजूबाजूला गाड्या लागत होत्या, संध्याकाळच्या नमाजाला माणसं येत होती. पावलं जवळ आली तसा काकूंचा आवाज आणखी खाली गेला. आता कुणी हटकेल, या भीतीनं त्यांनी पुढची ओळ कशीबशी पुरी केली.

“आमेन,” शंतनू म्हणाला. आणि त्याच्या मागून आणखी दोघं-तिघं, जड, अनोळखी आवाजात, “आमीन.”

काकूंनी वळून पाहिलं नाही. पुढची ओळ त्यांनी मोठ्यानं म्हटली.